गोव्याच्या खाऱ्या हवेत गाडीच्या लोखंडी डिस्क घरी कशा रंगवायच्या

चाकावरची प्लास्टिकची कॅप काढून बघा. कॅपच्या क्लिपा जिथे रुततात तिथे, नटांच्या भोकांभोवती, आणि मधली तबकडी बाहेरच्या कड्याला ज्या सांध्यात वेल्ड केलेली असते तिथे गंज आधी धरतो. कॅपमुळे बाहेरून चाक छान दिसतं, आत मात्र रंगाचे पापुद्रे सुटलेले असतात. लहान गाड्यांच्या खालच्या व्हेरियंटना अजूनही लोखंडी डिस्कच येतात, म्हणजे टायर ज्यावर बसतो ते लोखंडी चाक. त्या दणकट असतात, अलॉयपेक्षा पुष्कळ स्वस्त असतात आणि नीट रंगवल्या तर कॅपशिवायही देखण्या दिसतात. म्हणून केवळ गंज दिसला की डिस्क बदलून टाकायचा सल्ला मला पटत नाही.

मात्र पुण्या-नाशिकला चालतं ते जसंच्या तसं गोव्यात चालत नाही. इथे हवेत मीठ आहे. रायबंदर-चोडण किंवा जुने गोवे-दिवाडी फेरीबोटीने गाडी नेणाऱ्यांच्या चाकांना धक्क्यावरचं मचूळ पाणी लागतं. खाजनातल्या, म्हणजे खाडीकाठच्या सखल शेतजमिनीतल्या, रस्त्यावर भरतीचं पाणी चढतं, तिथेही तेच. हे मीठ गंजाच्या बारीक खड्ड्यांत दडून बसतं. वरून कितीही महाग रंग मारा, मीठ आत राहिलं तर ते हवेतला ओलावा रंगातून आत ओढतं, रंगाला फोड येतात आणि पुढच्या पावसाळ्यात गंज पुन्हा वर येतो. म्हणून या कामाचा बराचसा वेळ धुण्यात आणि घासण्यात जातो, फवारणीला त्या मानाने फारच थोडा. तशीच तयारी ठेवा.

कधी करायचं

चवथीला गावी जायच्या आधी किंवा दसऱ्याला गाडीची पूजा व्हायच्या आधी चाकं चकाचक व्हावीत असं सगळ्यांनाच वाटतं. पण चवथ भर पावसात येते, आणि दसऱ्यालाही हवा ओलीच असते. दिवाळीनंतर ते फेब्रुवारीपर्यंतचे दिवस या कामाला सर्वांत चांगले. त्यातही सकाळी दव पूर्ण वाळलेलं असावं, म्हणजे साधारण दहा वाजल्यानंतर. दुपारी समुद्रावरचा वारा सुटतो, त्यात ओलावाही असतो आणि मीठही, म्हणून किनाऱ्याजवळ राहत असाल तर फवारणी दुपारच्या आत उरका. मार्च ते मेमध्येही काम होतं, फक्त उन्हात तापलेल्या डिस्कवर रंग मारू नका. धातूला हात लावून चटका बसत असेल तर रंग पृष्ठभागावर पसरायच्या आतच सुकतो आणि खरखरीत होतो.

दमट दिवशी उलटा त्रास होतो. रंगातला थिनर उडताना पृष्ठभाग थंड पडतो, त्यावर हवेतलं बाष्प बसतं आणि रंगावर पांढुरकी झाक येते. औद्योगिक रंगकामात धातूचं तापमान दवबिंदूपेक्षा (ज्या तापमानाला हवेतल्या बाष्पाचं दव होतं त्यापेक्षा) किमान ३ अंश सेल्सियसने जास्त असावं आणि हवेतली आर्द्रता ८५ टक्क्यांच्या खाली असावी असा नियम आहे. घरच्या स्प्रे कॅनसाठी मी ७० टक्क्यांच्या आतला दिवस निवडायला सांगेन. मोबाईलवरच्या हवामान अ‍ॅपमध्ये आर्द्रता दिसते, ती बघूनच दिवस ठरवा.

सामान

हार्डवेअरच्या दुकानात मिळेल ते: वायर ब्रश, ड्रिलला लागणारा वायरचा कप, ८०, १८० आणि ४०० नंबरचे पॉलिश पेपर, मास्किंग टेप, भांडी घासायचं लिक्विड, जुने सुती कपडे. गाडीच्या रंगांच्या दुकानातून दोन डब्यांचा एपॉक्सी प्रायमर, अ‍ॅक्रिलिक रंगाचे स्प्रे कॅन, रंगावर मारायचा पारदर्शक क्लिअर कोट आणि चांगला थिनर. ४०० मिलीच्या कॅनचा विचार केला तर चार डिस्कच्या दर्शनी बाजूला रंगाचे दोन आणि क्लिअरचा एक किंवा दोन लागतील असं धरा. डोळ्यांना गॉगल, हातांना नायट्राइलचे मोजे, आणि सेंद्रिय वाफांसाठीचा काडतूसवाला मास्क. कापडी किंवा सर्जिकल मास्क थिनरची वाफ अडवत नाही.

रंगाच्या दुकानात दोन घटकांचा पीयू (पॉलियुरेथेन) रंगही दाखवतील. तो टिकाऊ आहे यात शंका नाही, पण त्याच्या हार्डनरमध्ये, म्हणजे रंग पक्का करणाऱ्या दुसऱ्या घटकात, आयसोसायनेट नावाची रसायनं असतात आणि त्यांची फवारणी फुप्फुसांना कायमची इजा करू शकते. बाहेरून हवा पुरवणारा मास्क असलेल्या पेंटिंग बूथमध्येच तो मारावा, घराच्या पडवीत नाही.

आणखी एक मोह टाळा. सायलेन्सरसाठीचा ६०० अंशांचा हाय टेम्परेचर रंग चाकाला लावू नका. असे बरेच रंग उष्णता देऊन पक्के करावे लागतात, नाहीतर मऊच राहतात. चाक तेवढं तापत नाही.

चाक उतरवणं

सुरुवात स्टेपनीपासून करा. ती डिकीत किंवा गाडीखाली लटकून गंजलेलीच असते, आणि हात बसवायलाही ती बरी. ती रंगवून झाली, हवा तपासली, की एकेक चाक काढून त्या जागी स्टेपनी लावा. गाडी रोजच्या वापरात राहते आणि घाईही होत नाही. तुमची स्टेपनी बाकीच्या चाकांपेक्षा लहान असेल तर तिच्यावर लिहिलेली वेगमर्यादा पाळा आणि अशा स्टेपनीवर लांबचा प्रवास करू नका.

गाडी सपाट, पक्क्या जागी लावा. हँडब्रेक ओढा, गिअरमध्ये ठेवा, समोरच्या तिरक्या चाकाला लाकडी ओंडक्याची अडण लावा. नट आधी जमिनीवर असतानाच अर्धा फेरा ढिले करा, मग जॅक लावा. गाडी थोडा वेळ जरी उचललेली राहणार असेल तर जॅक स्टँड द्या. आपल्याकडे अंगणात जांभ्या दगडाचे चिरे पडलेले असतात आणि तेच टेकू म्हणून सरकवले जातात. हे अजिबात करू नका. चिरा दिसायला भक्कम असला तरी एका बिंदूवर भार आला की अचानक फुटतो. आणि टेकू कोणताही असो, गाडीखाली अंग घालू नका.

टायर डिस्कवरून काढायचा की नाही? डिस्कच्या कडेला, टायर बसतो त्या भागात गंज असेल आणि हवा हळूहळू उतरत असेल तर टायर काढूनच काम करा. टायरच्या दुकानात थोड्या पैशांत टायर उतरवून, चढवून देतात. उतरवण्याआधी व्हॉल्व्हसमोर टायरवर खडूने खूण करा. टायर चढवताना नवा व्हॉल्व्ह बसवून घ्या आणि बॅलन्सिंग करून घ्या. गंज फक्त दर्शनी बाजूला असेल तर टायर राहू द्या. हवा बरीचशी सोडा आणि टायर व डिस्कच्या कडेमध्ये पत्त्यांच्या जुन्या जोडातले पत्ते एकावर एक थोडे चढवून सगळीकडे खोचा. टेपपेक्षा हे जलद होतं आणि कड स्वच्छ येते.

आधी बघा, मग घासा

चिखल धुतल्यावर डिस्क उजेडात धरून पाहा. नटांच्या भोकांपासून निघणारी किंवा हवेच्या दोन खिडक्यांमधली केसासारखी रेघ दिसली तर ती भेग असू शकते. भेग निघाली तर डिस्क बाद. वेल्डिंग करून चालवू नका, पुट्टी भरून तर नाहीच. नटाचं तोंड टेकतं ती शंकूच्या आकाराची जागा अंडाकृती झाली असेल, किंवा गंजाने पत्रा पातळ होऊन टोकदार वस्तूने टोचता येत असेल, तरीही तेच. रंगाचा खर्च करण्याआधी ही पाहणी दहा मिनिटं शांतपणे करा.

पहिला दिवस: धुणं, घासणं, पुन्हा धुणं

ब्रेकची काळी धूळ कोरडी झटकू नका आणि हवेने फुंकू नका, ती श्वासात जाते. आधी पाण्याने भिजवा, मग लिक्विड आणि ब्रशने दोन्ही बाजू घासा. आतली बाजू कोणी बघत नाही, पण चिखल आणि खारं पाणी तिथेच साठतं, तिथला गंज सर्वांत जुना असतो. ग्रीसचे डाग थिनरच्या कपड्याने काढा. रॉकेल वापरू नका, त्याचा तेलकट थर मागे राहतो. पेट्रोल तर घराच्या आसपास या कामाला नकोच, त्याच्या वाफेला एक ठिणगी पुरते.

मग सुटलेला रंग आणि पापुद्रे वायर ब्रशने काढा. ड्रिलचा वायर कप काम भराभर करतो, पण त्याच्या तारा सुटून उडतात, गॉगल लावल्याशिवाय सुरू करू नका. ८० नंबरने गंजाचे डाग लोखंड दिसेपर्यंत घासा. जिथे जुना रंग घट्ट धरलेला आहे तिथे तो खरवडून काढायची गरज नाही, १८० नंबरने मंद करा आणि जुना रंग व उघडं लोखंड यांच्यामधली पायरी बोटाला लागणार नाही इतकी उतरती करा.

गंज काढायला टॉयलेट क्लीनर ओतणारे बरेच आहेत. लोखंड पाच मिनिटांत पांढरं होतं, म्हणून ते आवडतं. पण त्यात हायड्रोक्लोरिक आम्ल असतं, आणि त्याचे क्लोराइड म्हणजे जे मीठ आपण काढायला बसलोय तेच परत खड्ड्यांत भरलं जातं. वापरायचाच असेल तर फॉस्फोरिक आम्लाचा रस्ट कन्व्हर्टर घ्या, तोही फक्त खोल खड्ड्यांपुरता, आणि त्यावर कोणता प्रायमर चालतो हे डब्यावर वाचून.

आता घासलेली डिस्क पुन्हा धुवा. भरपूर पाणी, ताठ ब्रश, सांध्यांतून आणि खिडक्यांच्या कडांतून. गंजाखालचं मीठ आत्ता उघडं पडलेलं असतं, त्यामुळे हे दुसरं धुणं पहिल्यापेक्षा महत्त्वाचं. किनाऱ्यालगत किंवा खाजनाजवळ विहीर असेल तर तिचं पाणी चाखून बघा. मचूळ लागलं तर शेवटचं धुणं नळाच्या पाण्याने करा. कपड्याने पुसा, उन्हात वाळवा आणि रात्रभर पडवीत झाकणाविना राहू द्या.

उघडं लोखंड रात्रभर ठेवायचं हे विचित्र वाटेल, पण यातून मीठ दिसतं. सकाळी लवकर उठून डिस्क बघा. सगळीकडे पातळ, पिवळसर तांबूस झाक आली असेल तर काळजी नाही, तो ओलाव्याचा वरवरचा गंज आहे. पण एखादा खड्डा किंवा सांध्याचा तुकडा आजूबाजूचं कोरडं असताना ओला, काळपट दिसत असेल, टाचणीच्या टोकाएवढे गडद ठिपके असतील, तर तिथे मीठ आहे आणि ते रात्रभर हवेतून पाणी पीत होतं. ती जागा खडूने घेरा.

दुसरा दिवस: लोखंड झाकणं

खडूने घेरलेल्या जागा पुन्हा घासा, पुन्हा धुवा, पूर्ण वाळवा. बाकी पृष्ठभागावरची झाक १८० नंबरने काढा. धूळ पुसा, थिनरचा स्वच्छ कपडा एकदा फिरवा आणि मग डिस्कला उघड्या हाताने स्पर्श करू नका, घामातही मीठ असतं. इथून प्रायमरपर्यंत थांबायचं नाही. जेवण, पाहुणे, फोन, सगळं नंतर.

आता मास्किंग. डिस्कची मागची सपाट जागा, जी ब्रेकच्या ड्रमवर किंवा हबवर (चाक ज्यावर बसतं त्या मधल्या भागावर) टेकते ती, आणि नट बसतात ते शंकू यांवर रंगाचा जाड थर येऊ देऊ नका. रंग तिथे दाबला जातो, चुरा होतो, आणि घट्ट केलेले नट चालत्या गाडीत सैल पडू शकतात. मागच्या सपाट भागावर टेप लावा, भोकांत जुने नट किंवा कागदाचे घट्ट बोळे बसवा. व्हॉल्व्हला टेप गुंडाळा.

प्रायमरच्या बाबतीत माझं मत पक्कं आहे: गोव्यात एपॉक्सी. खिडकीच्या ग्रिलला लावतात तो रेड ऑक्साइड स्वस्त आहे आणि घरात अर्धा डबा पडलेलाही असतो. पण तो सावकाश सुकतो, आणि त्यावर स्प्रे कॅनचा तेज थिनर पडला की खालचा थर उचलला जाऊन रंगाला सुरकुत्या पडतात. एपॉक्सी हार्डनरने पक्का होतो, त्यावर असं होत नाही, आणि तो पाण्याला चांगला अडवतो. डब्यावर दिलेल्या प्रमाणात दोन्ही भाग मिसळा, अंदाजाने नाही. मिश्रण काही तासांतच वापरावं लागतं, म्हणून एका डिस्कपुरतंच करा. हार्डनर कातडीला लागू देऊ नका, त्याची अ‍ॅलर्जी होऊ शकते.

लावायला कंप्रेसर लागत नाही, चांगला दीड इंची ब्रश पुरतो. उलट खड्ड्यांत आणि वेल्डच्या सांध्यात प्रायमर ब्रशने जितका नीट दाबला जातो तितका फवाऱ्याने जात नाही. आधी आतली बाजू आणि सांधे, मग दर्शनी बाजू. पातळ हात द्या, ओघळ येऊ देऊ नका. डब्यावर दिलेल्या वेळेनंतर दुसरा हात. रात्रभर, शक्य असेल तर पूर्ण एक दिवस सुकू द्या. मग ४०० नंबरने पाणी लावून घासा. ब्रशच्या रेषा जातील आणि वरच्या रंगाला पकड मिळेल. कुठे लोखंड उघडं पडलं तर तिथे पुन्हा प्रायमर.

रंग

रंग तुमच्या आवडीचा. तरी सांगतो, मॅट काळ्यावर आपली तांबडी माती लगेच दिसते आणि पुसताना चट्टे उठतात. सिल्व्हर किंवा गडद राखाडी निभावून नेतो.

जागा सावलीची, वारा न लागणारी, पण मोकळी हवी. बंद खोली नको. माडाखाली आणि आंब्याखाली नको, वरून पडायला खूप काही असतं. अंगणातली माती उडत असेल तर तासभर आधी पाणी शिंपडून मुरू द्या. शेजाऱ्यांची गाडी, वाळत घातलेले कपडे आणि तुळशी वृंदावन लांब असल्याची खात्री करा, फवाऱ्याचे कण वाटतात त्यापेक्षा दूर जातात. जवळ गॅस, चूल, विडी काही नको. संध्याकाळचे दिवे लागायच्या आत काम संपवा, नाहीतर ओल्या रंगावर चिलटं बसतात.

आतली गोळी वाजू लागल्यावर कॅन दोन मिनिटं हलवा. २० ते ३० सेंटिमीटर अंतर ठेवा. फवारा डिस्कच्या बाहेर सुरू करून बाहेरच थांबवा, हात सतत चालता ठेवा. पहिला हात नुसता धुक्यासारखा, खालचा प्रायमर दिसत राहील एवढाच. खिडक्यांच्या कडा आणि नटांच्या खोलगट जागा आधी, मोठा सपाट भाग नंतर. दहा मिनिटांनी दुसरा हात, मग तिसरा. ओघळ आलाच तर पुसायला जाऊ नका. सुकू द्या, ४०० नंबरने घासा, वरून पातळ हात द्या. शेवटी क्लिअरचे दोन हात. दोन हातांमध्ये किती थांबायचं आणि किती वेळानंतर पुन्हा मारायचं नाही हे प्रत्येक कॅनवर छापलेलं असतं, त्यात कंपनीनुसार फरक असतो, म्हणून वाचा.

कॅन ठेवताना उलटा धरून दोन सेकंद फवारा, म्हणजे नोझल तुंबत नाही. थिनरचे कपडे उघड्यावर पसरून वाळवा, गोळा करून ठेवू नका. उरलेला थिनर विहिरीच्या किंवा गटाराच्या बाजूला ओतू नका, रिकामे कॅन कचऱ्याबरोबर जाळू नका, ते फुटतात.

बसवणं

पत्ते आणि टेप रंग अर्धवट ओला असतानाच हलक्या हाताने काढा. रंग तासाभरात हाताला कोरडा लागेल, पण आतून मऊ असतो. किमान २४ तास थांबा, दमट हवा असेल तर दोन दिवस. त्याआधी टायरवाल्याच्या मशीनवर चढवलं तर कड सोलून निघते.

हबची टेकायची जागा वायर ब्रशने साफ करा. स्टडच्या (नट ज्यांवर चढतात त्या बोल्टांच्या) आट्यांना ग्रीस किंवा तेल लावू नका, पान्याचा तोच जोर मग नटाला जास्त ताणतो. नट आधी हाताने फिरवा, मग समोरासमोरचे आलटूनपालटून आवळा. गाडी खाली उतरवल्यावर टॉर्क पान्याने, म्हणजे ठरवलेल्या जोरानेच आवळणाऱ्या पान्याने, शेवटचा आवळ द्या. आकडा गाडीच्या पुस्तिकेत असतो, लहान गाड्यांना तो बहुधा ८५ ते ११० न्यूटन-मीटरच्या आसपास असतो, पण तुमच्या मॉडेलचाच घ्या. पान्यावर उभं राहून आवळू नका. ५० ते १०० किलोमीटर चालल्यावर सगळे नट पुन्हा तपासा. नव्या रंगानंतर ही तपासणी चुकवण्यासारखी नाही. हवा भरायला विसरू नका.

पहिला आठवडा प्रेशरने धुऊ नका. पुढे पावसाळ्यात आणि फेरीचा किंवा खाजनाचा रस्ता झाला की साध्या पाण्याने चाकाच्या दोन्ही बाजू धुवा. कॅप वापरत असाल तर पंधरवड्यातून एकदा काढून मागचा चिखल काढा. क्लिपा जिथे घासतात तिथे रंग सर्वांत आधी जाणार. खडी लागून टवका उडाला तर तो त्याच आठवड्यात साध्या पाण्याने धुवा, वाळवा, ४०० नंबरने घासा, एपॉक्सीचा एक थेंब बारीक ब्रशने लावा आणि सुकल्यावर कॅनमधला रंग झाकणात फवारून त्याच ब्रशने त्यावर लावा.